गिंबल घ्यायचाय? आधी कॅमेरा वजनकाट्यावर ठेवा

(पॉडकास्टच्या भागाचं शब्दांकन. बोलण्याच्या ओघात आलेलं बरंचसं तसंच ठेवलंय.)

आजचा भाग थोडा लांबणार आहे. गाडीवर असाल तर बाजूला थांबून ऐका किंवा घरी जाऊन ऐका. मध्येच एक-दोन ठिकाणी हात हलवून करून बघायला सांगणार आहे.

झालं असं, की कराडहून एका मुलाचा मेसेज आला. बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला आहे. वर्षभर पार्टटाइम काम करून त्याने सेकंडहँड सोनी झेडव्ही-ई१० घेतलाय. सोबत किटची १६-५० लेन्स, आणि मित्राकडून स्वस्तात मिळालेली सिग्माची १६ एमएम. मेसेज जसाच्या तसा वाचतो: ‘दादा, मार्गशीर्षात ओळखीतल्या एका लग्नाची ऑर्डर मिळालीय. पहिलीच आहे. माझ्याकडे २५ हजार आहेत. कोणता गिंबल घेऊ? ते नाव सांगा फक्त, मी लगेच ऑर्डर करतो.’

नाव सांगा फक्त! भावा, नाव सांगायला मला दोन सेकंद लागतील. पण ते २५ हजार तुझी वर्षभराची शिल्लक आहे, आणि ते लग्न त्या घरात एकदाच होणार आहे. म्हणून नाव शेवटी सांगतो. ज्यांना फक्त नाव हवंय त्यांनी पुढे ढकलत जायला हरकत नाही, पण मधलं ऐकलंत तर कदाचित पैसे वाचतील.

आधी माझी फजिती सांगतो, म्हणजे मी एवढा का बोलतोय ते कळेल.

सुरुवातीच्या काळात मीही लग्नं शूट करायचो. पहिला गिंबल हप्त्यावर घेतला होता. डोक्यात एकच हिशोब, जितकं जास्त वजन पेलेल तितका गिंबल भारी. मोठा घेतला. सकाळी हळद, दुपारी लग्न, संध्याकाळी पाठवणी. दुपारपर्यंत माझं मनगट असं झालं होतं की पाण्याची बाटली उघडता येईना. तरी ठीक होतं. पाठवणीच्या वेळी वाटलं, आता चेहरे हवेत, म्हणून वाइड लेन्स काढून ८५ एमएम लावली. गडबडीत परत बॅलन्स केलाच नाही. लेन्स पुढे झुकली, मोटरी घरघर करायला लागल्या आणि अर्ध्या मिनिटात गिंबलने मान टाकली. मी गुडघ्यावर बसून स्क्रू ढिले करतोय, प्लेट मागे-पुढे सरकवतोय. वर बघतो तर गाडी फाटकाबाहेर पडली होती.

महिन्याभराने नवरीच्या भावाचा फोन आला. ‘दादा, अण्णा रडले ना गाडीपाशी, ते असेल ना व्हिडिओत? आम्ही त्यांना रडताना पहिल्यांदाच बघितलं.’ नव्हतं. माझ्याकडे वरातीचे एकदम मख्खन शॉट होते, मंडपातून फिरत जाणारा कॅमेरा होता, आणि अण्णा नव्हते. दोष गिंबलचा नव्हता हं. तो बिचारा सांगत होता की मला जमत नाहीये.

तर आता मुद्द्यावर येऊ. गिंबल करतो काय नेमकं?

हातात धरलेला कॅमेरा हलतो म्हणजे काय होतं बघा. एक, तो डावी-उजवीकडे वळतो, त्याला पॅन म्हणायचं. दोन, वर-खाली मान हलवतो, म्हणजे टिल्ट. तीन, एका बाजूला कलतो, म्हणजे रोल. गिंबलमध्ये या तिन्हींसाठी एकेक मोटर असते. आत जायरो आणि अ‍ॅक्सेलरोमीटर असतात, तेच जे तुमच्या फोनमध्ये स्क्रीन आडवी-उभी करतात. तुमचा हात डावीकडे कलला की सेन्सरला ते कळतं आणि मोटर तेवढंच उजवीकडे वळवून हिशोब मिटवते. सेकंदाला शेकडो वेळा हे चालू असतं.

पण या यादीत एक गोष्ट नाही. कोणती? चालताना सगळा कॅमेराच वर-खाली होतो, ती. आत्ता करून बघा. फोन समोर धरा, घरातल्या घरात दहा पावलं चाला आणि समोरच्या दाराच्या कडीकडे लक्ष ठेवा. फोन वळत नाहीये, कलत नाहीये, पण अख्खा वर-खाली उड्या मारतोय. तीन मोटरींपैकी एकही ते थांबवू शकत नाही, कारण ते वळणं नाही, उचलणं आहे. नवा गिंबल घेतल्यावर पहिल्या दिवशी सगळ्यांची निराशा होते ती इथेच. ‘एवढे पैसे घातले तरी फुटेज बोटीत बसल्यासारखं का येतंय?’ म्हणून.

याचं उत्तर थोडं इतिहासात आहे. गॅरेट ब्राउन नावाच्या अमेरिकन कॅमेरामनने १९७०च्या दशकात स्टेडीकॅम बनवला. १९७६ च्या ‘रॉकी’मध्ये तो बॉक्सर फिलाडेल्फियाच्या म्युझियमच्या पायऱ्या धावत चढतो ना, तो शॉट त्याचाच. १९८० च्या ‘द शायनिंग’मध्ये तीनचाकी सायकलवरच्या पोराच्या मागे हॉटेलच्या कॉरिडॉरमधून कॅमेरा जातो, तिथेही तोच. १९७८ साली त्याला याबद्दल ऑस्करही मिळालं. त्या स्टेडीकॅममध्ये एकही मोटर नव्हती. अंगात घालायचं जाकीट, त्याला जोडलेला स्प्रिंगचा हात, आणि त्या हातावर वजनं लावून तोललेला कॅमेरा. चालताना माणूस वर-खाली झाला की तो धक्का स्प्रिंग खायची.

मग २०१३ साली फ्रीफ्लाय कंपनीचा मूव्ही एम१० आला. मोटरवाला, हातात धरायचा. किंमत १५ हजार डॉलरच्या घरात! तिथून पुढच्या दहा वर्षांत तो आपल्या हातात मावेल आणि खिशाला झेपेल इतका झाला. पण या प्रवासात जाकीट आणि स्प्रिंग दोन्ही गळाले. मोटरी राहिल्या, स्प्रिंग गेली. आता ती स्प्रिंग तुम्हीच आहात.

म्हणजे कसं? गुडघे किंचित वाकलेले, पावलं छोटी, टाच आधी टेकवायची आणि मग हळूच पंजा. कोपरं शरीरापासून थोडी लांब, पण ताठ नाहीत. गिंबल दोन्ही हातांत. आमच्या ग्रुपमध्ये याला ‘मांजरीची चाल’ म्हणतात. लोक हसतात, हसू द्या. डोक्यावर भरलेली घागर घेऊन चालणाऱ्या बायकांची चाल बघितलीय? डोकं एका पातळीत आणि सगळा हिशोब कंबर-गुडघ्यात. तीच चाल. आठ दिवस गच्चीवर रोज पंधरा मिनिटं चाललात तर स्वस्तातल्या गिंबलमधूनही बरं फुटेज निघतं. हे न करता महागडा घेतलात तर उपयोग नाही, खरंच नाही.

आता मी त्या कराडच्या मुलाला उलट प्रश्न विचारला, ‘तुझ्या कॅमेऱ्याचं वजन किती?’ तो म्हणाला, ‘हलकाच आहे, दादा.’ हलकाच म्हणजे किती? किराणा दुकानात जा, वजनकाट्यावर ठेव.

चला, करून टाकू हिशोब. झेडव्ही-ई१० बॅटरी आणि कार्डासकट ३४३ ग्रॅम. किट लेन्स ११६. झाले साधारण ४६० ग्रॅम. सिग्माची १६ एमएम एकटीच ४०५ ग्रॅमची, म्हणजे ती लावली की ७५० च्या आसपास. वर छोटा माइक, तो धरला तरी किलोच्या आत. मग ज्याचं पेलोड, म्हणजे पेलायची क्षमता, साडेचार किलो आहे असा गिंबल याला कशाला हवा? तो गिंबल स्वतःच दीड किलोच्या आसपास भरतो. वर कॅमेरा. अडीच किलो एका मनगटावर आठ तास. लग्न आठ तासांत संपतं का आपल्याकडे?

उलटं बघा. डीजेआयचा आरएस ३ मिनी, २०२३ साली आला, पेलोड २ किलो, स्वतःचं वजन ८०० ग्रॅमच्या आसपास. या मुलाच्या कॅमेऱ्यासकट हातात दीड किलोच्या थोडं वर. एक किलोचा फरक कागदावर काहीच नाही, पण वरातीत दुसऱ्या तासाला तो फरक खांद्याला कळतो.

तुमच्याकडे फुलफ्रेम असेल तर हिशोब बदलतो. सोनी ए७ थ्री ६५० ग्रॅम, वर सिग्माची २४-७० एफ २.८ घातली, ती ८३० ग्रॅम. दीड किलो इथेच झालं. २ किलोच्या गिंबलवर हे कागदावर बसतं, पण लेन्स लांब असल्यामुळे सगळं वजन पुढे जातं, आणि प्लेट मागे सरकवायला जागाच उरत नाही. पेलोडचा आकडा नीट बॅलन्स केलेल्या कॅमेऱ्यासाठी असतो, हे बॉक्सवर बारीक अक्षरात असतं किंवा नसतंच. असा सेटअप असेल तर ३ किलोच्या गटातला बघा.

आणि दुकानात गेलात, पुण्यात तपकीर गल्लीत जा नाहीतर मुंबईत बोरा बाजारात जा, कॅमेरा सोबत न्या. स्वतःचा कॅमेरा, स्वतःची लेन्स, माइक वायरसकट. लावून बघू देत नसतील तर नमस्कार करून बाहेर या. काय बघायचं ते सांगतो. एक म्हणजे बाजूला उघडणारी स्क्रीन. झेडव्ही-ई१० ची तशीच आहे. काही गिंबलांवर ती उघडली की गिंबलच्या हाताला थडकते. मग तुम्ही शूट करताय पण दिसत काहीच नाहीये. दुसरं, माइकची किंवा चार्जिंगची जाड वायर. ताठ वायर हलक्या कॅमेऱ्याला ओढत राहते आणि मोटर तिच्याशी कुस्ती खेळत बसते. मऊ, पातळ वायर घ्या.

बॅलन्सबद्दल थोडं सविस्तर बोलतो, कारण माझे अण्णा तिथेच हुकले.

गिंबल बंद असतानाच बॅलन्स करायचा. बॅटरी, कार्ड, माइक, फिल्टर, जे जे शूटिंगच्या वेळी लागणार ते सगळं आधी लावायचं. लेन्सचं टोपण काढायचं. हो, टोपणसुद्धा. मग पहिल्यांदा टिल्ट. लेन्स आडवी ठेवून सोडून द्या. पुढे पडली तर प्लेट मागे, मागे पडली तर पुढे. मग लेन्स आभाळाकडे करून सोडा. पडली तर कॅमेरा वर-खाली सरकवायचा. शेवटी लेन्स तिरकी, पंचेचाळीस अंशात सोडायची. तिथेच थांबली तर टिल्ट झालं. मग रोल, म्हणजे मागून बघताना कॅमेरा डावी-उजवीकडे कलतोय का. मग पॅन. दांडा हातात घेऊन किंचित तिरका करा, वरचा हात झुल्यासारखा फिरला तर अजून झालेलं नाही. हे सगळं झाल्यावरच पॉवर, आणि मग ऑटो ट्यून.

पहिल्यांदा वीस मिनिटं लागतील. पंधराव्या वेळी तीन. आणि प्रत्येक लेन्सची प्लेटवरची जागा पांढऱ्या मार्करने खूण करून ठेवा. हे मला कुणी सांगितलं असतं तर! सिग्माची खूण वेगळी, किटची वेगळी. लग्नाच्या गर्दीत लेन्स बदलली तर सरकवून खुणेवर आणायचं, बस्स. शिवाय मोटरी बॅलन्स नसतानाही कॅमेरा धरून ठेवतात काही वेळ, त्यामुळे आपल्याला वाटतं सगळं ठीक आहे. नसतं. बॅटरी भराभर उतरते, फुटेजमध्ये बारीक थरथर येते, आणि ऐन वेळी मान टाकतो.

आता फोनवाले. तुमच्यातले निम्मे तरी फोनवरच शूट करत असणार, माहितीये मला. तुमच्यासाठी पहिला प्रश्न हाच, की तुम्हाला गिंबल खरंच हवाय का?

आजकालच्या बऱ्याच फोनमध्ये दोन गोष्टी असतात. ओआयएस, म्हणजे लेन्स किंवा सेन्सरच प्रत्यक्ष हलून धक्का खातो. आणि ईआयएस, म्हणजे फोन चित्राच्या कडा कापतो आणि उरलेलं चित्र आत सरकवत राहतो. दिवसाउजेडी हे दोन्ही मिळून इतकं छान काम करतात की रील्ससाठी गिंबलची गरज पडत नाही. फोन दोन्ही हातांत, कोपरं बरगड्यांना टेकवलेली, मांजरीची चाल. झालं.

गोची होते अंधारात. का ते नीट समजून घ्या, कारण ‘माझ्या मित्राचा फोन मस्त करतो’ या वाक्याचं उत्तर यात आहे. अंधारात फोन प्रत्येक फ्रेम जास्त वेळ उघडी ठेवतो, उजेड गोळा करायला. तेवढ्या वेळात हात हलला तर ती फ्रेमच पुसट होते. मग ईआयएस चित्र सरकवून जागेवर आणतो, पण पुसटपणा तसाच राहतो. म्हणून रात्रीच्या मिरवणुकीच्या व्हिडिओत बाप्पा स्थिर दिसतात पण दिव्यांच्या माळा लकलकतात, थरथरतात. सॉफ्टवेअर ते काढू शकत नाही. गिंबल काढतो, कारण तो फोनच हलू देत नाही. आयफोन १४ पासून आलेला अ‍ॅक्शन मोडसुद्धा कमी उजेडात ‘जास्त उजेड हवा’ असं स्क्रीनवर सांगतो, ते उगीच नाही.

तेव्हा तुम्ही रात्रीचं जास्त शूट करत असाल, गणपती, नवरात्र, गावची जत्रा, तर फोनचा गिंबल घ्या. एक सावधगिरी. इथेही वजन. ओस्मो मोबाइल ६, २०२२ चा, तो १७० ते २९० ग्रॅमचे फोन धरतो. एस २४ अल्ट्रासारखा फोन एकटाच २३० च्या वर आहे. त्यावर जाड कव्हर, मागे रिंग, काचेवर काच, कव्हरमध्ये आईने ठेवलेली दहाची नोट... (हसतो) गेला की तो मर्यादेबाहेर. कव्हर काढा.

आणि ज्यांना बाइकवर शूट करायचंय, ताम्हिणी, वरंधा, पावसाळा वगैरे, त्यांनी गिंबल डोक्यातून काढून टाका. बहुतेक गिंबलांना पाणी चालत नाही. फोन हँडलला लावायचा विचारही नको. अ‍ॅपलने २०२१ मध्ये स्वतःच सांगितलंय, की मोटरसायकलच्या इंजिनाच्या थरथरीने आयफोनचा कॅमेरा बिघडू शकतो. त्या कामासाठी अ‍ॅक्शन कॅमेरा. गोप्रोने २०१८ मध्ये हीरो ७ ब्लॅकमध्ये हायपरस्मूथ आणलं तेव्हापासून दिवसाच्या राइडसाठी दुसरं काही बघायची गरज राहिलेली नाही, असं माझं मत आहे.

एकट्याने व्लॉग करणाऱ्यांसाठी ओस्मो पॉकेट ३ ही वेगळीच चीज आहे. कॅमेरा आणि गिंबल एकत्र, १७९ ग्रॅम, एक इंचाचा सेन्सर. बॅलन्स करायची भानगडच नाही. लेन्स बदलता येत नाही, एवढंच. ज्याच्याकडे कॅमेरा अजून घेतलेलाच नाही त्याने कॅमेरा अधिक गिंबल अशी बेरीज करण्याआधी याची किंमत एकदा बघावी.

परत कराडला येऊ.

त्या मुलाला मी आणखी एक गोष्ट सांगितली आणि तो गप्पच झाला. त्याच्या कॅमेऱ्यात एक फुकटचा स्टॅबिलायझर आहे. झेडव्ही-ई१० मध्ये सेन्सर हलत नाही, म्हणजे आयबीआयएस नाही. पण शूट करताना तो जायरोची माहिती व्हिडिओ फाइलमध्येच लिहून ठेवतो. कुठल्या क्षणी कॅमेरा किती वळला, ते सगळं. सोनीचं कॅटालिस्ट ब्राउझ किंवा जायरोफ्लो नावाचं मोफत सॉफ्टवेअर ती माहिती वाचून घरी बसून फुटेज स्थिर करून देतं. अटी आहेत. कॅमेऱ्यातलं आणि लेन्समधलं स्टेडीशॉट बंद ठेवायचं. शटर वेगवान ठेवायचं, २०० च्या वर, नाहीतर तीच पुसट फ्रेमची कटकट. आणि कडा कापल्या जाणार हे धरून थोडं वाइड शूट करायचं. म्हणजे सकाळची हळद, अंगणात, उन्हात, गिंबलशिवाय होऊ शकते! संध्याकाळच्या वरातीत हे चालणार नाही.

शटरवरून आठवलं, मंगल कार्यालयातल्या लाइटी. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची. शटर १/५० किंवा १/१०० वर ठेवलं तर बहुतेक लाइटी फडफडत नाहीत. गिंबलवर असाल तर १/५० आणि २५ फ्रेम, डोळे झाकून. म्हणजे हॉलच्या आत जायरोफ्लोचं वेगवान शटर अडचणीचं, आणि गिंबल सोयीचा. कुठे काय वापरायचं ते असं आपोआप ठरत जातं.

मग मी त्याला म्हटलं, लग्नाचा दिवस डोळ्यासमोर आण आणि सांग, कॅमेरा कधी चालतो आणि कधी उभा असतो. त्याने बसून लिहिलं. नवरदेवाची एंट्री, चालतो. नवरीला मामा घेऊन येतात, चालतो. अंतरपाट आणि मंगलाष्टकं, उभा. अक्षता, उभा. सप्तपदी, उभा, फार तर दोन पावलं. जेवणावळ, कोण बघतंय! वरात, चालतो. पाठवणी, उभा. अगदी ठार उभा.

दिवसभरात खरा गिंबल लागतो तीन वेळा. बाकीच्या वेळी मोनोपॉड पुरतो, तो दोन-तीन हजारांत येतो, आणि त्यावरून कॅमेरा एका सेकंदात सुटतो. मंगलाष्टकांच्या वेळी गिंबल घेऊन नवरा-नवरीभोवती गोल गोल फिरणारे शूटर बघितलेत ना? मागे बसलेल्या आजीला काही दिसत नाही आणि भटजी वैतागतात. चैतन्य ताम्हाणेंचा ‘कोर्ट’ बघा, २०१४ चा. कॅमेरा बहुतेक वेळ एका जागी ठाम उभा असतो आणि तरी नजर हलत नाही. लग्नाचा व्हिडिओ म्हणजे सिनेमा नव्हे, मान्य. पण कॅमेरा हलला नाही म्हणून कुणी पैसे कापून घेतलेत असं मी तरी ऐकलेलं नाही.

तर तीन प्रसंगांसाठी २५ हजार घालायचे का? माझं उत्तर, या लग्नासाठी नाही. भाड्याने आण. कराडला नसेल मिळत तर सातारा, कोल्हापूर, पुणे, कुठेतरी मिळेल. पण लग्नाच्या दिवशी सकाळी आणू नकोस, दोन दिवस आधी आण. पहिला दिवस बॅलन्स आणि खुणांचा. दुसरा दिवस मांजरीच्या चालीचा, आणि त्या कार्यालयात जाऊन एकदा दारापासून स्टेजपर्यंत चालून बघ. पायऱ्या कुठे आहेत, लाल गालिच्याला घडी कुठे पडते, ते कळतं. घडीला ठेच लागून गिंबलसकट पडलेला माणूस मी पाहिलाय. आणि उरलेल्या पैशातून कॅमेऱ्याच्या दोन जास्तीच्या बॅटऱ्या, एक मोठं कार्ड आणि मोनोपॉड. झेडव्ही-ई१० ची बॅटरी छोटी आहे, एका बॅटरीवर लग्न निघणार नाही.

तो म्हणाला, ‘पण दादा, भाड्याचे पैसे वायाच ना?’

दोन दिवसांच्या भाड्यात तुला कळतं की तुझ्या मनगटाला काय झेपतं, स्क्रीन अडते की नाही, अ‍ॅप तुझ्या फोनवर नीट चालतं की नाही. हे नवीन घेऊन कळलं आणि नाही पटलं, तर सेकंडहँड विकताना जितकं जाईल त्यापेक्षा भाडं कमीच पडतं. भाड्याने घेताना मात्र मोटरी हाताने फिरवून बघ, कुठे अडखळतात का, आणि सगळे स्क्रू, प्लेट मोजून घे. प्लेट हरवलेला गिंबल म्हणजे कुलपाशिवाय किल्ली.

तीन-चार ऑर्डरी झाल्या आणि अजूनही हवासा वाटला, तर मग घे. आता नाव सांगतो, दिलेला शब्द. झेडव्ही-ई१० आणि या दोन लेन्सांसाठी २ किलोच्या गटातला कुठलाही चांगला गिंबल. डीजेआय आरएस ३ मिनी मी वापरलाय, मला आवडला. झियुनचेही या वजनात बरे आहेत. त्याहून मोठा नको. किंमत रोज बदलते, म्हणून आकडा सांगत नाही, पण नवा घेण्याआधी तुझ्या जिल्ह्यात त्याची दुरुस्ती कोण करतं ते विचार. मोटर गेली तर पार्सल कुठे पाठवायचं, किती दिवस लागतात. लग्नसराईत तीन आठवडे गिंबल दुरुस्तीला गेला तर परत भाड्यानेच आणावा लागेल.

काल रात्री त्याचा परत मेसेज आला. त्याने कॅमेरा खरंच किराणा दुकानात नेऊन तोलला. ७६२ ग्रॅम भरला, सिग्मा आणि माइकच्या क्लिपसकट. दुकानदार म्हणे विचारत होते, ‘काय भाव लावायचा?’ आणि खाली त्याने लिहिलंय, ‘दादा, पाठवणीला गिंबल गाडीत ठेवतो. मोनोपॉड घेऊन उभा राहतो, नवरीच्या वडिलांच्या बाजूला.’

नवरीच्या वडिलांच्या बाजूला नको रे, समोर. गाडीच्या दाराच्या पलीकडे उभा राहा, तिथून दोघांचे चेहरे दिसतात. आणि रेकॉर्डिंग पाच मिनिटं आधी चालू कर.

तुमच्यापैकी कुणी सांगली-सातारा-कोल्हापूर भागात गिंबल भाड्याने देत असेल तर मला कळवा, त्याला जोडून देतो. भेटू पुढच्या भागात.